थंडीपुरतं दुसरं घर

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी माझे पती वारले. रविवारी आम्ही दोघं समुद्राकाठच्या एका गावी राहायला जाणार होतो.

ते गाव रत्नागिरीच्याही खाली आहे. शाळेच्या ग्रंथालयात माझ्याबरोबर काम केलेल्या एका बाईंच्या माहेरचं घर तिथं रिकामं होतं. होळीपर्यंत तिथं राहायचं आणि ऊन तापू लागलं की बदलापूरजवळ खरवईला आमच्या घरी परतायचं, असं ठरलं होतं. हे सगळं ह्यांच्या छातीसाठी. दमा जुनाच होता, पण गेल्या दोन हिवाळ्यांत तो फार वाढला. बदलापूरची थंडी मुंबईसारखी वरवरची नसते. नदीकडून धुकं येतं. आमच्या घराभोवती उभ्या राहिलेल्या इमारतींचे वॉचमन मिळेल ते लाकूड पेटवून शेकत बसतात आणि तो धूर धुक्याखाली तसाच साचून राहतो. हे पहाटे खिडकीचा गज धरून उभ्यानं श्वास घेत. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं होतं, "काका, तुमची छाती अशी आणखी एक थंडी सोसायची नाही. ते महिने किनाऱ्याला काढा. तिथं हवा उबदार असते."

"मुंबईची लोकं थंडी खायाला आमचे इथं फार्महाऊस बांधतान, आन मी पलून जाऊ?"

"जा. त्यांच्या छात्या धड आहेत."

ह्यांना हसू आलं, आणि ते तयार झाले.

मग तयारी सुरू झाली. आयुष्यात आम्ही लग्नकार्याखेरीज कुठं चार दिवस राहिलो नव्हतो, त्यामुळे एवढ्या मुक्कामाला काय न्यायचं हेच कळेना. मी स्वेटर, मफलर, कानटोपी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. थंडी तोंडावर असताना लोकरीचे कपडे आत टाकताना मला विचित्र वाटलं, आणि बरंही वाटलं. पातळ चादरी आणि मोठी बॅग घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानात दारापर्यंत रजयांची थप्पी लागलेली.

सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, सीझन रजईचा आहे आणि तुम्ही चादर मागता? दुबईला चाललात काय?"

"इथली थंडी झेपत नाय शेठ. उन्हाला भाड्यानं घेतलाय."

"मग येताना आमच्यासाठी पण किलोभर आणा."

घरी येईपर्यंत हे तो किलोभर उन्हाळा आठवून हसत होते आणि हसता हसता खोकत होते. मी बॅगेत पुस्तकं भरू लागले तेव्हा म्हणाले, "त्या गावान वाचनालय नाय काय? का तुलाच उघडायचाय?" मी दोन पुस्तकं काढली आणि त्यांच्या औषधाच्या वाफेचं यंत्र त्या जागी बसवलं.

खरं तर दिवाळी झाली की निघायचं होतं. पण वालाची पेरणी राहिली होती.

ह्यांच्या वडिलांची शेती इमारतींखाली गेली. उरला तो ओढ्यालगतचा एक पट्टा. पावसात तिथं भात होई आणि भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टोकायचे. वालाला पाणी द्यावं लागत नाही, तो थंडीच्या दवावर पोसतो. बी घरचंच. सासूबाईंच्या वेळेपासून ते राखेत घालून मडक्यात ठेवलेलं असे, आणि एक वर्ष जरी पेरलं नाही तरी बी मोडलं असं मानत. शिवाय रान मोकळं दिसलं की बिल्डरची माणसं दारात येऊन बसत. त्या वर्षी पाऊस लांबला. उभं भात भिजलं, कापणी मागं गेली, जमीन पाय घालू देईना. ओल जरा उतरेपर्यंत थांबायला हवं होतं आणि ती पुरती जाण्याच्या आत टोकायला हवं होतं. दोनदा ठरवलेला दिवस आम्ही पुढं ढकलला. धुकं पडायला लागलं होतं.

धाकटे दीर सांगायला आले, "दादूस, तू घरान बस. वाल मी टाकतो."

"तुझा हात माहीत हाय मना. तू मूठ मूठ सोडतोस. वाल पेरतोस का पाखरांना जेवान घालतोस?"

"वयनी, तुम्ही तरी सांगा याला."

मी सांगितलं. रागावून सांगितलं. वाल नसले तर बाजारात मिळतात, असंही म्हणाले. हे शांतपणे म्हणाले, "बाजारान वाल मिलतान गो. आपला बी नाय मिलत."

गुरुवारी ते शेतात गेले. मी वरच्या खणातून स्वेटर आणि कानटोपी परत काढून दिली. गवत दवानं भिजलेलं होतं. काठीनं भोक पाडायचं, दोन दाणे सोडायचे, पायानं माती सारायची, असं वाकून वाकून त्यांनी दुपारपर्यंत सगळा पट्टा टोकला. दीर बरोबर होते, पण त्यांच्या हाती बी दिलं नाही. संध्याकाळी हे खुशीत होते. जेवताना म्हणाले, "आता ने मना कुठं न्यायचा तिथं." पहाटे धाप लागली. वाफ दिली, ती पुरली नाही. दीर रिक्षा घेऊन आले. दवाखान्याच्या पायरीशी ह्यांनी माझा हात सोडला.

आमची तयारी मात्र चालू राहिली. दूधवाल्याला मी रविवारपासून येऊ नको म्हणून सांगून ठेवलं होतं, तो रविवारी आला नाही. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं आणि चहाला दूध नव्हतं. जाऊबाई आपल्या घरचं पातेलं घेऊन आल्या. पेपरही बंद झाला. शेजारणीकडं किल्ली दिली होती, ती तिनं परत माझ्या हातात ठेवली. भरलेली बॅग भिंतीशी तशीच होती आणि भेटायला येणारी माणसं पाय लागू नये म्हणून तिला वळसा घालून बसत होती.

त्या थंडीत दव चांगलं पडलं. वाल भरघोस आले. दिरांनी शेंगा काढल्या, बियाण्याचे दाणे निवडून राखेत घातले आणि मडकं आपल्या घरी नेलं. मी नको म्हटलं नाही.

यंदा पावसाळा संपल्यावर समुद्राकाठच्या घरी गेलेल्या ग्रंथालयातल्या त्या बाईंचा फोन आला. "तुम्ही एकट्या या ना. बदल होईल. खोली झाडून ठेवते." खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, दिवसभर उबदार असते, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. पूर्वीही सांगितलं होतं, आणि ते ऐकून ह्यांनी मला पलंग कुठं ठेवायचा ते विचारायला लावलं होतं. मी एक दिवस विचार करायला मागितला. उत्तर मला लगेचच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नाही म्हणून कळवलं.

आता डिसेंबर आहे. पहाटे धुकं असतं. मी खरवईच्या घरात एकटी राहते. मला थंडीचा त्रास नाही.