खऱ्यासारखं चालणं

चेन्नईत एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी वेस्ट मांबलममध्ये तंजावरकडच्या एका मराठी काकूंच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. काकूंचं मराठी जुन्या वळणाचं, सूर मात्र पक्का तमिळ. घरात त्या आणि आयटीत काम करणारा त्यांचा मुलगा. त्याची माझी ओळख एका शब्दावरून झाली. जिन्यात तो फोनवर कुणाला तरी म्हणत होता, "आधी टी सांग." मी म्हटलं, मलाही अर्धा कप चालेल.

"अक्का, हा प्यायचा टी नाही," तो हसत म्हणाला. "टी म्हणजे आतली बातमी. खरं काय झालं ते."

मग कळलं, तो ड्रॅग करतो. भरपूर मेकअप, विग, साडी असं सगळं करून स्टेजवर उभा राहतो. काकूंना माहीत होतं, पण त्या विषयावर बोलत नसत. मला त्या शब्दांची गोडीच लागली. कारखान्यातून आले की मी त्याला एखादा शब्द विचारायचे. 'शेड' म्हणजे अपमान न करता केलेला अपमान: "साडी छान आहे, आमच्या पडद्यांचं कापड असंच आहे." 'रीड' करणं म्हणजे समोरच्याचं व्यंग मजेत, पण नेमकं, तोंडावर सांगणं. 'बीट' म्हणजे चेहरा रंगवून काढणं. हे शब्द न्यूयॉर्कच्या काळ्या आणि लॅटिनो लोकांचे, तो सांगायचा. घरातून हाकललेली मुलं एकमेकांना धरून राहिली, त्या गटाला 'हाऊस' म्हणायचे, आणि त्यांना सांभाळणारी ती 'मदर'.

"तुलाही आहे मदर?" मी विचारलं.

"आहे ना. मेकअप तिनेच शिकवला."

काकू आत भात वेळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मग मी कोण?"

तो ताटं मांडायला लागला. पुढच्या आठवड्यात काकूंनी मला एकटीला गाठून सांगितलं, "त्याचा तो कार्यक्रम मला बघायचाय. तू घेऊन चल."

रविवारी दुपारी एका छोट्या हॉलमध्ये बॉल होता. बॉल म्हणजे स्पर्धा. एकेका प्रकारात एकेक जण मधल्या वाटेवरून चालत येतो, परीक्षक दहाचा आकडा दाखवतात, नाहीतर 'चॉप' म्हणतात. चॉप म्हणजे बाद. काकूंच्या मुलाचा प्रकार होता 'रिअलनेस'. मी काकूंना समजावलं, "नटायचं नाही. रस्त्यातल्या साध्या माणसासारखं इतकं हुबेहूब दिसायचं, की कुणाला शंका येऊ नये."

तो आला. सुती साडी, केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, छोटा गजरा, हातात वायरची पिशवी. उजवा खांदा जरा वर. वाटेत थांबून त्याने न दिसणाऱ्या भाजीवाल्याकडची भेंडी मोडून पाहिली, पसंत पडली नाही, पुढे गेला. लोक हसले. काकू हसल्या नाहीत.

"ती माझी पिशवी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "मी अशी चालते?"

मी काही बोलायच्या आत एका परीक्षकाने माइक घेतला. "चॉप. खांदा फार झाला. कुठलीही बाई अशी चालत नाही."

काकू उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्या सरळ मधल्या वाटेवर गेल्या आणि घरात चालतात तशा, कुणाकडे न बघता, परीक्षकांच्या टेबलापर्यंत चालत गेल्या. उजवा खांदा वर. माइक न घेताच त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "हातपंपावरून पाण्याच्या घागरी वाहून खांदा असा झालाय. पोरगं बरोबर चाललं."

मग जो गलका झाला तो मी आजवर कुठे ऐकलेला नाही. लोक खुर्च्या बडवत होते. परीक्षकाने उठून हात जोडले, पण निकाल बदलला नाही. नियम म्हणजे नियम. मुलगा भिंतीशी उभा राहून रडत होता, काजळ गालावर ओघळलेलं. त्याची मदर, चाळिशीतली उंच बाई, पुढे आली आणि काकूंपुढे वाकली. काकूंनी तिला नीट न्याहाळलं.

"जेवतो का हा तुझ्याकडे?"

"डब्यातून आणलेल्या तुमच्या रसमला मी नावं ठेवली म्हणून माझ्यावर रागावलाय," ती म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पदराने मुलाचं काजळ पुसायला लागल्या. ते आणखीच पसरलं.

एरवी तो कपडे बदलूनच बाहेर पडायचा. त्या दिवशी साडीतच आमच्या दोघींच्या मध्ये रिक्षात बसला. वाटेत काकूंनी विचारलं, "ती एक पोर नाचता नाचता पाठीवर धाडकन पडली, एक पाय दुमडून. तिला लागलं नाही ना?"

"डिप म्हणतात त्याला, आई. मुद्दाम पडतात."

"मुद्दाम?" काकू म्हणाल्या. "कशाला?"

तो सांगायला लागला, आणि त्या त्याच्याकडे वळून ऐकत राहिल्या.