कुरव काळा की तपकिरी?

मंडळी, आज सकाळी उजनीच्या पाण्यावर बसलेल्या एका पक्ष्याचा फोटो मी पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकला: "दुर्मीळ काळ्या डोक्याचा कुरव!" अंगठ्यांची रांग लागली. अडचण एवढीच, की हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या आणि तपकिरी डोक्याच्या, दोन्ही कुरवांचं, म्हणजे सीगलचं, डोकं पांढरंच असतं.

माझी होडी चालवणाऱ्या सखूमावशी म्हणाल्या, "सायेब, बसल्या पाखराचं बारसं करताय व्हय? आदी उडू तर द्या की!"

पक्षी उडाला. पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके! म्हणजे नेहमीचाच तपकिरी.

"शेव टाकली की रोज येत्यात ह्ये," मावशी हसल्या.

होडीतूनच ग्रुपवर लिहिलं, "माझं चुकलं. मावशींनी ओळखला." शुक्रवार पेठेतल्या घरी इतक्या ताठ मानेनं मी कधीच परतलो नव्हतो.

तुम्ही ग्रुपवर शेवटचं "माझं चुकलं" कधी लिहिलंत?