मोटर नसलेला टॅब्लेट

डूख धरायला हिच्याकडून शिकावं. लहानपणी चुलतभावाने कंपासपेटी मोडली, तर त्याच्या लग्नापर्यंत बाई त्याच्याशी बोलली नाही. लग्नात बोलली ती एवढंच, "कंपासपेटीचं काय झालं रे?" ऑफिसात सगळे तिला खुन्नस म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचंही.

खुन्नस मोबाइलची अ‍ॅप लिहायची. आई गेल्यावर तिला मावशीनेच वाढवलं होतं, आणि आता मावशीची नजर जवळजवळ गेली होती. एकदा मावशीने ब्लडप्रेशरची गोळी घेतल्याचं विसरून दुसऱ्यांदा घेतली आणि बाथरूमच्या दारात कोसळली. ऑफिसात तेव्हा एका हॉस्पिटलसाठी औषधांचं अ‍ॅप चाललं होतं. खुन्नसने ठरवलं, हे अ‍ॅप हाताला कळलं पाहिजे.

फोन थरथरवणारी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला कोड, मिळते. कोडमध्ये घातली की एका ओळीत काम होतं. ओळ लिहिणं सोपंच हो! पण किती जोरात, किती वेळ, हे कोण सांगणार? ते मावशीने सांगितलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, फोन तळहातावर घेऊन ती फर्मावायची, "हे काय मुंगी चालल्यासारखं? जरा दम आण त्यात." शेवटी जमलं. गोळीची नोंद झाली की एक हलका ठोका; तीच गोळी पुन्हा घ्यायला गेलात की दोन दणके.

"आता हा माझ्यावर ओरडतोय हे कळतं," मावशी खूश होऊन म्हणाली.

खुन्नसच्या साहेबांनी हे सगळं हॉस्पिटलवाल्यांना दाखवलं, आणि काय सांगितलं? "माझ्या आईला दिसत नाही. रोज तिच्याजवळ बसून मी एकेक ठोका बसवला." वा रे वा! यांची आई ऑफिसच्या सहलीला आली होती, तेव्हा चालत्या बसमध्ये सुईत दोरा ओवत होती. नुसतं काम चोरलं असतं तर खुन्नस भांडून मोकळी झाली असती. यांनी तर मावशीच पळवली! त्या दिवशी खुन्नस जेवली नाही.

"थोबाड फोडीन त्याचं," ती म्हणाली.

"हात कशाला दुखवून घेतेस? बोलू दे त्याला. आणखी बोलू दे," मावशी म्हणाली.

पुढच्या बैठकीला अ‍ॅप घेऊन यायचं काम खुन्नसकडेच होतं. साहेबांनी ते आजवर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या नकली फोनवरच पाहिलं होतं, आणि तो कसला थरथरतोय! खुन्नसने कपाटातला जुना टॅब्लेट काढला. त्याच्यात थरथरणारी मोटरच नव्हती. अशा यंत्रावर लायब्ररी तक्रार करत नाही, गुपचूप काहीच करत नाही.

साहेबांनी बटण दाबलं आणि डोळे मिटले. "अहाहा! हा हलका ठोका, आईच्या आवडीचा." पुन्हा दाबलं. "आणि हे दोन दणके."

हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी टॅब्लेट घेऊन दाबून पाहिलं. "मला तर काहीच जाणवत नाही."

"सवय लागते, मॅडम. माझी बोटं तयार झालीत आता."

"त्यात मोटरच नाहीये," कोपऱ्यातून खुन्नस म्हणाली. "तो थरथरूच शकत नाही. हा फोन घ्या."

डॉक्टरबाईंनी फोन दाबला आणि त्यांचा हात दचकला. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "तुमच्या आईंना घेऊन या. मला त्यांच्याशीच बोलायचंय."

साहेब टॅब्लेट उलटा करून पाहू लागले.

"मी आणते," खुन्नस म्हणाली. "माझ्या मावशीला."

दुसऱ्या दिवशी मावशी इस्त्रीचे कपडे घालून आली. डॉक्टरबाई होत्या, कंपनीचे मालक होते, आणि मालकांनी साहेबांनाही मुद्दाम बसवलं होतं.

"माझा लेक कुठाय?" मावशीने विचारलं. "अरे, रोज माझ्याजवळ बसायचास ना? मग आज लांब का? ये, हात दे."

साहेब उठले. त्यांनी हात पुढे केला. मावशीने तो दोन्ही हातांत धरला, हळूहळू चाचपला. आता हिला दया येणार, आता ही म्हणणार जाऊ दे, अशी खुन्नसला धास्ती वाटली.

"हा हात माझ्या घरात कधीच आलेला नाही," मावशी म्हणाली, आणि तिने तो सोडून दिला.