दादाच्या खुर्चीतली पुस्तकं

आमचा दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, दातांचा डॉक्टर आहे. त्याला माहितीपर पुस्तकं वाचायचा भारी नाद, पण वाचलेल्या पुस्तकांवरची मतं तो फक्त दवाखान्यातच देतो. घरी वहिनी उलट बोलते. खुर्चीतल्या पेशंटला तशी सोय नसते.

काल दाढ ठणकायला लागली म्हणून मी त्याच्या तावडीत सापडलो. त्यानं इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि गाडी सुरू केली. झोपेवरचं पुस्तक अगदीच भिकार, वाचता वाचता झोपच लागली म्हणे. मुंग्यांवरचं बरं होतं, पण लेखकाला मुंग्यांपलीकडे काही दिसतच नाही.

"आणि ते ऐकण्याच्या कलेवरचं! समोरच्याचं बोलणं मध्येच तोडू नका, असं लिहिलंय त्यात. मला शंभर टक्के पटलं. माझे पेशंट बघ, कधी माझं बोलणं तोडतात का?"

मी जिवाच्या आकांतानं "आं आं" केलं.

"बघ, तुलाही पटलं," असं म्हणून त्यानं ड्रिल चालू केलं.

ते पुस्तक मीही वाचलं होतं. दाढ भरून झाली, बोळे निघाले, तसा मी लाळ पुसत जड जिभेनं म्हणालो, "दादा, त्यात तुझ्यासारख्यांवर अख्खं एक प्रकरण आहे."

दादानं चष्मा वर सरकवला आणि दिवा पुन्हा माझ्या तोंडावर ओढला.

"पलीकडची दाढही मला जरा संशयास्पद वाटतेय," तो म्हणाला. "आ कर."