फाईलच्या वरच्या ओळी

“तिचं इंग्लिश मीडियम झालंय, तिलाच सांग ना काढायला,” सर पलीकडच्या खोलीत प्रोग्रामरला म्हणाले. काम माझ्याकडे येणार हे मला तिथेच कळलं.

नारायणगावात खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. माणसं तीनच, सर, प्रोग्रामर आणि मी. द्राक्षावर डाऊनी हा बुरशीचा रोग कधी येईल हे हवामानावरून सांगणारा प्रोग्रॅम आम्ही बागायतदारांना विकायचो. त्यातलं गणित परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं होतं. ते विकायलाही त्यांची हरकत नव्हती. फक्त घेणाऱ्याने मागितला तर त्याला कोड, म्हणजे ते लिहिलेलं गणित, द्यायचा, आणि फाईलच्या वर लिहिलेली ही अट आणि त्यांची नावं तशीच ठेवायची.

त्या ओळी पुसून तिथे आमच्या कंपनीचं नाव टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी “करते” म्हणायचे आणि दुसरं काम काढून बसायचे. गावात कॉम्प्युटरची दुसरी नोकरी नव्हती, आणि वडिलांचं काम सुटल्यापासून घर माझ्या पगारावर चाललं होतं.

मग एक दिवस वारूळवाडीचे काका आले. त्यांची बाग नदीकाठी, तिथे दव उशिरापर्यंत टिकतं. आमचा प्रोग्रॅम गप्प राहिला आणि डाऊनीने घड गेले.

“भाऊ, त्यातलं गणित द्या. कॉलेजातलं मास्तर आमच्या दवापरमानं बसवून देतो म्हनत्यात.”

“काका, कोड कंपनीचा असतो. तो कुणाला देत नसतात,” सर म्हणाले.

“आन तुमची बाग कुनाच्या काड्यांवर उभी हाय? तवा आमी म्हनलो व्हतो का, राव, काडी कंपनीची हाय म्हून?”

प्रोग्रामर हसला. सर हसले नाहीत. आमच्याकडे नवी बाग लावताना कलमाच्या काड्या शेजाऱ्याच्या बागेतून आणतात, आणि पुढे कुणी मागितल्या तर आपणही नाही म्हणत नाही. सरांची स्वतःची बाग काकांच्याच काड्यांची, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

“ते वेगळं, काका. इंग्रजीतले नियम असतात. विचारा मॅडमना, त्याच वाचतात.”

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या बोटांना अजून औषधाचा निळा डाग होता. त्यांचा हंगाम तर गेलाच होता. मी नुसती मान हलवली असती तरी सरांचं काम झालं असतं. विषय संपला असं धरून सरांनी तोवर फोन उचललाही होता.

“काका, मागा,” मी म्हणाले. “यांना कोड द्यावाच लागतो, तसं फाईलच्या वरच लिहिलंय. तो आमचा नाहीच.”