नवसाची लाल बाटली

कुशाबांची आणि हे लिहिणाऱ्याची ओळख सोयरिकीतून झाली. कुशाबा जुन्नरच्या पश्चिमेस, कुकडेश्वराच्या वरच्या अंगाच्या वाडीतले. लिहिणारा आंबेगावच्या डोंगरातला. त्यांची कन्या इंद्रायणी हिच्याशी लिहिणाऱ्याचे लग्न ठरले, सुपारी फुटली, आणि मग कुशाबांचा निरोप आला की, एक नवस फिटल्याखेरीज मुलीला हळद लागणार नाही. आमच्याकडची वडील मंडळी रागावली. त्या निरोपामागची हकिकत कुशाबांनी पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितली, ती अशी.

इसवी सन एकोणीसशे सहाच्या पावसाळ्याअखेर इंद्रायणीस मुदतीचा ताप भरला. कुशाबांनी तिला डोलीत घालून जुन्नरच्या दवाखान्यात आणले. तेथे गोव्याकडचे मिनेझिस डॉक्टर होते. त्यांनी आपल्याकडून कसूर केली नाही; परंतु अठराव्या दिवशी मुलीने डोळे फिरवले. वाघोबा, कळमजाई, कुकडेश्वर, सर्वांना हाका घालून झाल्या होत्या. उरला होता तो डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर टांगलेला देव. कुशाबांनी उंबऱ्याबाहेरूनच त्याला हात जोडले. “पोर वाचली तर तुझ्या रीतीनं तुझं फेडीन,” एवढेच ते बोलले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

बोललेला नवस मुलीने माहेर सोडण्यापूर्वी फेडावा, नाहीतर तो तिच्या पाठोपाठ सासरी जातो, अशी आमच्याकडे समजूत आहे. पण या देवाची रीत कोणती, हेच कुशाबांना ठाऊक नव्हते. त्यांनी दवाखान्यातील कपडे धुणाऱ्या बायडाबाईस विचारले.

“आक्का, ह्या देवाला काय लागतं? नारळ का कोंबडं?”

“दोनीबी न्हाई. पुण्याचा पाद्रीबाबा येतो, तवा डाक्टरांच्या माजघरात पूजा व्हती. पाव आन् द्राक्षाची लाल दारू.”

“देवाला दारू?”

“मंग? तुमचा वाघोबा काय नुसत्या ताकावर ऱ्हातो व्हय?”

फाल्गुनात पाद्रीबाबा येणार असल्याचे कळले. ते आले त्या दिवशी कुशाबांनी हिरड्याचे ओझे डोक्यावरून आणून मोहनलाल व्यापाऱ्यास घातले. दोन रुपये हाती आले. ते कशासाठी हवेत हे ऐकून मोहनलालने कानांवर हात ठेवले.

“त्या दुकानाची वाट मी दाखवणारसुद्धा नाही, कुशाबा. आमच्या धर्मात ते नाव घेणेही पाप. पण नवस आहे तर चुकवू नका, आणि ऐपतीबाहेरही जाऊ नका.”

दारूचे दुकान दोराबशेट पारशाचे होते.

“काय रे बावा, रस्ता चुकलास? पहिल्या धारेची इथं मिळत नाही.”

“लाल पायजे, शेट. द्राक्षाची. देवाला द्यायची हाय.”

दोराबशेटचे हसू थांबले. त्याने फळीवर तीन वाण मांडले. एक पिपातली, दहा आणे. कुशाबांनी वास घेतला आणि मान हलवली. ती आंबली होती. दुसरी फ्रान्स देशाची, तीन रुपये. आम्ही डोंगरातले लोक मध पारखतो तशी कुशाबांनी ती बाटली उन्हापुढे धरली. बुडाशी काळसर साका दिसला.

“शेट, हिच्यात गाळ हाय.”

“अरे, ते जुनेपण आहे! निव्वळ द्राक्ष, दुसरं काही नाही. घे, तुला दोन रुपयांत देतो.”

“देवाच्या वस्तूचा भाव पाडत न्हाईत. आन् गाळाचा मध आमी पावण्याच्याबी पुढ्यात ठिवत न्हाई.”

“बाप रे! तू गिऱ्हाईक आहेस की मामलेदार?”

तिसरी पोर्ट नावाची, पावणेदोन रुपये. ती उन्हात धरताच पळसाच्या फुलासारखी पेटली. गाळ नाही, किंतु नाही. कुशाबांनी तीच घेतली, फेट्याच्या पदरात गुंडाळली आणि नवसाची वस्तू जमिनीस लागू नये म्हणून दवाखान्याच्या पायरीवर मांडीत घेऊन बसून राहिले.

दुपार कलल्यावर पाद्रीबाबा बाहेर आले. ते वृद्ध होते. त्यांची मराठी कोकणी वळणाची, पण स्वच्छ होती. त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि सर्व हकिकत ऐकून घेतली.

“बाबा, पूजेला निव्वळ द्राक्षाचीच लागते. हिच्यात साखर आणि दुसरी दारू मिसळली आहे. ही देवापुढे ठेवता येत नाही.”

“मंग ती गाळाची?”

“बहुधा चालली असती.”

कुशाबांनी कमरेची कसणी चाचपली. तीत चार आणे होते. शिवाय देवाच्या नावाने घेतलेली वस्तू दुकानात परत करणे म्हणजे नवस मोडणेच. लग्नाला सहा दिवस उरले होते.

“मंग पोरीला हळद न्हाई लागायची,” ते म्हणाले.

डॉक्टर कळवळून पाद्रीबाबांस म्हणाले, “ठेवून घ्या ना. याला काय कळणार आहे?”

“म्हणूनच नको,” पाद्रीबाबा म्हणाले. मग त्यांनी कुशाबांस विचारले, “तू नेमके काय बोलला होतास?”

“तुझ्या रीतीनं फेडीन, आसं.”

“मग आमची रीत नुसती पूजेची नाही. आजाऱ्याची सेवा केली, तर तीही आम्ही देवाचीच धरतो. ही दारू अशक्त माणसाला औषध म्हणून चालते. डॉक्टरांना विचार.”

“चालते,” डॉक्टर म्हणाले. “आत प्रयागबाई नावाची बाळंतीण आहे, अंगात रक्त नाही. माझ्याकडची बाटली मागच्या महिन्यात संपली.”

कुशाबा विचारात पडले. दुःखात पडलेल्या माणसाला सगळेच गोड बोलतात. त्यांच्या वाडीचा भगतही तसेच बोलत असे. वाघोबाचे कोंबडे नवस बोलणाऱ्याच्या समोर वाहिले जाते, त्याच्या पाठीमागे नव्हे. मुलीचा संसार केवळ दुसऱ्याच्या शब्दावर सोपवणे त्यांना जमेना. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी डॉक्टरांच्या हाती दिली. पण ते दारातून हलले नाहीत.

“आता जा, कुशाबा. घाट चढायचा आहे.”

“जातो, डाक्टरसायेब. त्या बाईला एक चमचा माझ्या डोळ्यांदेखत पाजा.”