आमच्याच घरी पाहुणी

आमच्या घरातला सोफा पाहुण्यांचा. बेल वाजली की त्यावरचं कव्हर निघतं आणि पाहुणे गल्लीचा कोपरा वळायच्या आत परत चढतं. निळ्या फुलांचे कप पाहुण्यांचे, आणि आमच्या ह्यांच्या गप्पाही पाहुण्यांच्याच. हे मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून माझ्या वाट्याला दिवसभरात "चहा?", "चष्मा कुठंय?" आणि "लाइट गेली" एवढंच येतं. बाकी वेळ मोबाइल. मुलगा-सून इंदूरला. उरलेलं आयुष्य ह्या एवढ्याशा बोलण्यावर काढायचं की काय, ह्या विचाराने मला खरंच रडू यायचं.

एकदा त्याच मोबाइलवर कोणी महाराज सांगत होते, आयुष्य ठरवून जगा, दृष्टिकोन बदला. हे मान डोलवत होते. मी मनात म्हटलं, दृष्टिकोन बदलायचा तर आधी बसायची जागा बदलावी.

दुपारी ठेवणीतली साडी नेसले, मागच्या दाराने निघाले, सिंधीपुऱ्याच्या गल्लीला वळसा घातला आणि आमच्याच पुढच्या दाराची बेल दाबली. समोरच्या काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"काय हो, चाबी अंदर राहिली का?"

"नाही, भेटायला आले," मी म्हटलं. काकू लसूण विसरल्या.

ह्यांनी दार उघडलं. "अगं, तू?"

"सर आहेत का घरी?"

हे माझ्याकडे बघत राहिले, मग काकूंकडे. दारात आलेल्या माणसाला आत बोलवायचं, हे बुऱ्हाणपूरच्या माणसाच्या हाडातच असतं. "आहेत ना. या, या, बैठिए," म्हणाले आणि सवयीने सोफ्याचं कव्हर ओढून काढलं!

मी ऐसपैस बसले. तिथून घर वेगळंच दिसत होतं. स्वयंपाकघरातून मला बैठक रोज दिसते; बैठकीतून स्वयंपाकघराचं नुसतं काळं दार दिसतं. आत कोणी आहे की नाही, कळायला मार्ग नाही. एवढी वर्षं ह्यांच्यावर रागावले, त्यातला थोडा राग तिथेच उतरला. सगळा नाही.

चहा निळ्या फुलांच्या कपातून आला, अर्धा बशीत. सोबत मावा जिलेबी. ती फ्रिजमध्ये माझ्यापासून लपवली होती, हे तेव्हा कळलं.

"घरी कोण कोण असतं?" पाहुण्यांना विचारतात तसंच ह्यांनी विचारलं.

"मिस्टर असतात. स्वभावाने चांगले. फक्त बोलत नाहीत."

ह्यांनी हातातली जिलेबी बशीत ठेवली. आता चिडणार, असं वाटलं. पण अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्यांना वाटत असेल, बाईंना सगळं ठाऊकच आहे. नवीन काय सांगणार?"

"जुनं सांगितलं तरी चालेल म्हणावं."

मी उठले. निघालेल्या पाहुण्याला चौकापर्यंत पोचवायचा आमच्याकडे रिवाज आहे. ह्यांनी मुकाट्याने चपला घातल्या. काकूंच्या देखत आम्ही दोघं गल्लीतून निघालो. चौक आला, मागे पडला, बुधवारा मोहल्ला आला, तरी हे परत फिरेनात.

"आमच्या शाळेतली एक गंमत तुम्हाला सांगितली का?" ह्यांनी विचारलं.

ती गंमत मला तोंडपाठ होती.

"नाही बाई," मी म्हटलं, "सांगा ना."